गव्हाणीतले गवत आणि अंगणातला कचरा

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला, की चर्चच्या आवाराला निराळीच जाग येते. वेदीवर जांभळी वस्त्रे चढतात, चक्रावरची पहिली मेणबत्ती पेटते, गायकवृंदाच्या तालमींचे सूर रात्री उशिरापर्यंत ऐकू येतात आणि तरुण मंडळाची मुले गोठ्याच्या खर्चाचा अंदाज घेऊन आमच्या दाराशी उभी राहतात. याच दिवसांत योहान बाप्तिस्ता शुभवर्तमानातून आपल्याला हाक देत असतो आणि येणाऱ्या प्रभूसाठी वाट सिद्ध करण्यास सांगत असतो. वाट सिद्ध करायची म्हणजे आधी ती झाडावी लागते, हे वाडीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु गेली कित्येक वर्षे आम्ही एक विपरीत दृश्य पाहत आलो आहोत. वाट झाडण्याच्या या दिवसांतच वाटेवर सर्वाधिक कचरा पडतो. फाटलेली चमकी, फुटलेले फुगे, प्लास्टिकची ताटे, थर्माकोलचे तुकडे, भेटवस्तूंची वेष्टने, एका रात्रीपुरते झळकलेले फलक, हे सारे २६ डिसेंबरच्या पहाटे चर्चच्या भिंतीलगत पडलेले असते. आदल्या रात्री ज्या आवारात देवदूतांचे गीत दुमदुमलेले असते, तिथे दुसऱ्या दिवशी पालिकेची सफाई कामगार भगिनी वाकून आपला उत्सव गोळा करीत असते. नाताळ नेहमीच असा होता काय? नसेल, तर तो असा केव्हा झाला आणि त्याला पुन्हा मूळ रूप देणे आपल्या हाती आहे काय? या प्रश्नांचा मागोवा घेण्यासाठी आम्ही वाचकांना थोडे मागे, इतिहासात नेऊ इच्छितो.

ग्रेच्चोची रात्र

गोठ्याची परंपरा आपण आसिसीकर संत फ्रान्सिसपर्यंत नेतो. १२२३ सालची ही गोष्ट आहे. नाताळला सुमारे पंधरा दिवस उरले असताना, म्हणजे ऐन आगमनकाळात, संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावच्या जोव्हान्नी नावाच्या एका सरदार मित्राला निरोप धाडला. बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाला किती हालअपेष्टा सोसाव्या लागल्या, ते आपल्याला या डोळ्यांनी पाहायचे आहे, असा त्या निरोपाचा आशय होता. जोव्हान्नीने काय जमवले? एक गव्हाण, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव. त्या रात्री तिथे मूर्ती नव्हत्या, सोनेरी तारे नव्हते, रंगवलेले डोंगर नव्हते. गावकरी मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले, गव्हाणीजवळ ख्रिस्तयाग साजरा झाला आणि दीक्षित उपयाजक असलेल्या फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले.

हा वृत्तांत आपल्याला थॉमस ऑफ चेलानो या त्यांच्या पहिल्या चरित्रकाराकडून मिळतो. फ्रान्सिसचा मृत्यू १२२६ साली झाला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच हे चरित्र लिहिले गेले. चेलानोने नोंदवलेला एक तपशील आमच्या मनात घर करून राहिला आहे. उत्सव संपल्यावर त्या गव्हाणीतले गवत फेकून दिले गेले नाही. ते जपून ठेवले गेले आणि पंचक्रोशीतील आजारी गुराढोरांना ते खाऊ घातल्यावर ती बरी झाली, असे त्याने लिहून ठेवले आहे. चमत्काराची चर्चा आपण बाजूला ठेवू. जगातल्या पहिल्या नाताळ गोठ्यामागे उरलेली वस्तू एका मुक्या जनावराच्या मुखी पडली, एवढे लक्षात घेतले तरी पुरे आहे.

याच चेलानोने पुढे लिहिलेल्या दुसऱ्या चरित्रात आणखी काही आठवणी दिल्या आहेत. नाताळच्या दिवशी बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा अधिक चारा द्यावा, पाखरांसाठी वाटेवर धान्य टाकावे, अशी फ्रान्सिसची इच्छा होती. लाकडे तोडणाऱ्या बंधूंना तो बजावी, की झाड समूळ तोडू नका, त्याला पुन्हा फुटण्याची आशा राहू द्या. मठाच्या बागेचा कडेचा पट्टा न खणता रानफुलांसाठी सोडण्यास त्याने सांगितले होते. याच संताला पोप दुसरे जॉन पॉल यांनी २९ नोव्हेंबर १९७९ रोजी पर्यावरण जोपासणाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. त्या वर्षीचा आगमनकाळ सुरू व्हायला तेव्हा केवळ तीन दिवस उरले होते.

आपल्या वसईचे ग्रेच्चोशी असलेले नाते फार दूरचे नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर इथे आलेल्या आरंभीच्या मिशनऱ्यांमध्ये फ्रान्सिसचे अनुयायी होते आणि वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. इतकेच नव्हे, तर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पण करणारे आणि १८६२ साली संतपदाला पोहोचलेले आपले वसईपुत्र संत गोन्सालो गार्सिया हेही फ्रान्सिस्कन संघाचेच बंधू होते. तेव्हा ग्रेच्चोचा वारसा हा आमच्यासाठी परकीय पुस्तकातला धडा नसून घरातलाच ठेवा आहे.

वाडीतला उकिरडा

आता आपल्या जुन्या वाडीत येऊ. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर पोसलेले जीवन ज्यांनी बालपणी पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट पटेल. त्या जीवनात केर होता, परंतु आजच्या अर्थाने कचरा नव्हता. अंगण झाडले, की पालापाचोळा उकिरड्यात जाई. शेण, राख, भाजीची देठे, माशांचे काटे हे सारे तिथेच पडे आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे खत वाडीला मिळे. केळीच्या सोपटाने जुड्या बांधल्या जात. सुकेळी केळीच्याच वाळक्या पानांत गुंडाळून बाजारात जात. नारळाची सोडणे चुलीत आणि चुलीतली राख भांडी घासायला, असा त्या घराचा हिशेब होता. उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. त्या उकिरड्याची दैना फिटण्यासारखी होती, कारण त्यात पडलेली प्रत्येक वस्तू मातीची नातलग होती. प्लास्टिकच्या ढिगाऱ्याची दैना बारा काय, शंभर वर्षांनीही फिटत नाही.

या वाडीचे काळीज म्हणजे बावखल. नव्या पिढीतील अनेकांना हा शब्दही आता परका झाला आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले, उतरत्या काठांचे गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साचे, हळूहळू भूमीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना जिवंत ठेवी. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरींचे पाणी गोड राहिले, ते अशा मुरलेल्या पाण्याने खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरल्यामुळे. उन्हाळ्यात बागेला पाणी तिथूनच मिळे आणि मुसळधार पावसात गावाचे जादा पाणीही तिथेच विसावे. आमच्या पूर्वजांनी जलशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते, परंतु जमिनीची भाषा त्यांना अवगत होती.

नाताळची तयारीही याच वाडीतून होत असे. कामट्यांचा सांगाडा करून त्यावर पतंगी कागद चिकटवला, की चांदणी तयार होई. गोठ्याला पेंढा आणि माडाची झावळी पुरे. गोव्यात आणि कोकणपट्टीतल्या अनेक ख्रिस्ती घरांत आगमनकाळ सुरू झाला, की पसरट भांड्यात माती घालून नाचणी किंवा भात पेरण्याची रीत आहे. नाताळपर्यंत त्याचे कोवळे हिरवे तृण तयार होते आणि तेच बाळ येशूच्या गव्हाणीभोवती मांडले जाते. या साध्या रीतीत आगमनकाळाचे सारे ईश्वरविज्ञान सामावले आहे, असे आम्हांला वाटते. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे. पेरलेले बी उगवण्याची वाट पाहावी लागते, त्याला रोज पाणी घालावे लागते. दुकानातून आणलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या गवताची वाट कोणी पाहत नाही.

ज्या दिवसांत वसईने आवाज उठवला

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या या हिरव्या पट्ट्यावर नागरीकरणाचे संकट कोसळले. जमिनींचे भाव कडाडले, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, नव्या वस्त्यांची तहान भागवण्यासाठी गावच्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी उपसले जाऊ लागले आणि गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. त्याच्या जोडीला गुंडगिरी आली. अशा वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादकपद त्यांच्याकडे १९८३ पासून २००७ पर्यंत होते. लेखणी आणि रस्ता या दोन्ही आघाड्यांवर हा लढा लढला गेला. चर्चच्या पायऱ्या उतरून माणसे रस्त्यावर आली. त्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदू शेतकरीही होते, कारण विहिरीला धर्म नसतो.

ही चळवळ जोर धरत होती, त्याच सुमारास रोममधूनही एक नवा स्वर उमटत होता. ८ डिसेंबर १९८९ रोजी, पवित्र मरियेच्या अमलोद्भव सणाच्या दिवशी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ जानेवारी १९९० च्या जागतिक शांतिदिनासाठी आपला संदेश दिला. निर्मात्याशी शांती आणि समस्त सृष्टीशी शांती हा त्याचा विषय होता. पर्यावरणाचा प्रश्न हा मुळात नैतिक प्रश्न आहे, असे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. हा संदेशही आगमनकाळातलाच, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. वसईतले धर्मगुरू राजकारणात का पडतात, असे विचारणाऱ्यांना त्या संदेशाने परस्पर उत्तर दिले होते.

पुढे १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवसांत हरित वसईची आठवण प्रत्येकाच्या ओठी होती. आम्हीही त्या दिवसांत भरभरून बोललो. परंतु बोलता बोलता एक जुना प्रसंग मनाला टोचत होता, तो आज सांगितल्यावाचून राहवत नाही.

थर्माकोलचा गोठा

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो, तिथे विभागीय गोठा स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळवायचेच, असा चंग तरुणांनी बांधला होता. आम्हीही त्यांना भर दिली. थर्माकोलचे बेथलेहेम उभे राहिले. त्याला घुमट होते, पूल होता, यंत्रावर फिरणारी गिरणी होती. पारितोषिक मिळाले, छायाचित्रे निघाली. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाल्यावर तो गोठा मोडण्याची वेळ आली. कचऱ्याची गाडी एवढा ढीग न्यायला तयार होईना. तेव्हा आमच्याच देखरेखीखाली त्यातला काही भाग चर्चच्या मागच्या बाजूला जाळण्यात आला आणि उरलेला शेजारच्या अर्ध्या बुजलेल्या बावखलाच्या काठी टाकण्यात आला. काळाकुट्ट धूर आजूबाजूच्या घरांत शिरला. पलीकडच्या वाडीतले एक वृद्ध शेतकरी खोकत कुंपणापाशी आले. हरित वसईच्या मोर्चात ते अग्रभागी चाललेले होते. त्यांनी संतापून काही म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, “फादर, त्या वेळी बावखल बुजवणाऱ्या बिल्डरांच्या नावाने मोर्चा काढला. आता कोणाच्या नावाने काढायचा?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. आजही त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आम्ही ही लेखणी हाती घेतली आहे.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचा फुगवलेला फेस. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत तो विकसित झाला. नाजूक यंत्रांचे वेष्टन आणि शीतगृहांचे उष्णतारोधक आवरण ही त्याची कामे होती. वजनाला हलका, कापायला सोपा आणि दिसायला शुभ्र, म्हणून तो सजावटकारांच्या हाती पडला आणि आपल्या उत्सवांत घुसला. त्याच्या आकारमानातला बहुतांश भाग हवा असतो, त्यामुळे तो जागा प्रचंड व्यापतो आणि भंगारवाल्यालाही परवडत नाही. तो कुजत नाही. चुरडला, की त्याचे कण होतात, गटारांतून खाडीत जातात आणि मासे त्यांना अन्न समजून गिळतात. जाळला, तर त्याचा विषारी धूर श्वासात जातो. म्हणजे ठेवावा तर जागा नाही, टाकावा तर पाणी दूषित होते आणि जाळावा तर हवा, अशी ही वस्तू आहे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी घातली. गणेशोत्सवापुरती सूट मिळावी म्हणून त्या वर्षी व्यावसायिकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, परंतु ती मिळाली नाही. त्यानंतर आमच्या कितीतरी हिंदू शेजाऱ्यांनी कापडाची, कागदाची आणि पुठ्ठ्याची मखरे करायला आरंभ केला. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, ताटे, पेले, चमचे, मिठाईच्या खोक्यांवरची वेष्टने आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांचा समावेश आहे. ही यादी वाचताना आम्हांला आपल्या नाताळ मेळ्याचीच यादी वाचत असल्यासारखे वाटले. शासनाच्या राजपत्राने आपली विवेकबुद्धी तपासावी, ही आपल्यासाठी भूषणावह गोष्ट नव्हे.

त्याच २०१८ सालच्या जुलै महिन्यात वसई पाण्याखाली गेली, हे कोणी विसरलेले नसेल. रेल्वे बंद पडली, घरांत पाणी शिरले, वीज गेली. त्या पुराला कारणे अनेक होती. परंतु पाणी मुरण्याच्या जागा आपण भरावाने आणि कचऱ्याने बुजवत आलो, हे त्यांतले एक कारण होते आणि त्यात आपला सर्वांचा थोडा थोडा हात होता.

कचरा आपल्या दारातून गेला, म्हणजे तो नाहीसा झाला, असे आपण समजतो. तो कोणाच्या तरी दारात जातोच. वसई-विरार शहराचा कचरा वर्षानुवर्षे गोखिवऱ्याला साचत गेला आणि तिथे लागणाऱ्या आगींचा धूर आसपासच्या वस्तीने सोसला. खाडीपलीकडे उत्तनच्या धावगी डोंगरावर मीरा-भाईंदर शहराचा कचरा गेला आणि तिथल्या आपल्याच ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी बांधवांना दुर्गंधी, धूर आणि शेतात उतरणारे दूषित पाणी यांविरुद्ध दीर्घकाळ झगडावे लागले. मासळीऐवजी प्लास्टिकने भरलेले जाळे ओढणाऱ्या कोळ्याला विचारा, आपली नाताळची सजावट शेवटी कुठे जाते ते.

उकिरडा वेस बांधणारा सरदार

पवित्र शास्त्रात कचऱ्याचा विषय हलका मानलेला नाही. नहेम्याच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय आपण सहसा घाईने उलटतो, कारण त्यात नावांची लांबलचक यादी आहे. बाबिलोनच्या बंदिवासानंतर यरुशलेमची तटबंदी पुन्हा उभारताना कोणी कोणता भाग बांधला, त्याची ती नोंद आहे. त्या नगरीला एक वेस होती, जिच्यातून शहराची घाण बाहेर नेली जाई. तिचे नावच उकिरडा वेस असे होते. ती वेस कोणी दुरुस्त केली? बेथ-हक्करेम परगण्याचा अधिकारी मल्कीया याने. एका परगण्याच्या अधिकाऱ्याने मंदिराजवळचा मानाचा भाग न मागता घाणीची वेस उभारली, तिला दारे बसवली, कड्या आणि अडसर लावले. पवित्र नगरीच्या पुनर्निर्मितीत त्या वेशीचे काम इतर कोणत्याही वेशीइतकेच नोंदले गेले आहे. आणि पाच भाकरींच्या चमत्कारानंतर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. ज्याला भाकरी वाढवता येत होत्या, त्याने तुकडे वेचायला लावले, यातच सारे आले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात वसुंधरा घाणीचा ढिगारा बनत चालल्याची खंत व्यक्त केली आहे आणि वापरा-फेका संस्कृतीवर बोट ठेवले आहे. त्याच पत्रात त्यांनी प्लास्टिक टाळणे, केरकचरा वेगवेगळा करणे, खाता येईल तेवढेच शिजवणे अशा लहानसहान गोष्टींचाही आवर्जून उल्लेख केला आहे. काहींना त्या वेळी नवल वाटले, की विश्वपत्रात स्वयंपाकघर कसे आले? आम्हांला मात्र त्यात ग्रेच्चोच्या फ्रान्सिसचाच आवाज ऐकू आला.

झाडू हातात धरलेले दोन संतपुरुष या ठिकाणी आठवतात. एक आपल्या चर्चचे, पेरू देशातील संत मार्टिन डी पोरेस. त्यांची मूर्ती झाडूवाचून आपण ओळखतही नाही. दुसरे आपल्या महाराष्ट्राचे गाडगे महाराज. गावात पाऊल टाकताच ते आधी रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडीत. गाडगे महाराजांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला. म्हणजे त्यांचा स्मृतिदिन दरवर्षी आपल्या आगमनकाळातच येतो. हा योगायोग आपण वाया का दवडावा?

चार आठवड्यांची वाट

त्या थर्माकोलच्या गोठ्यानंतरच्या वर्षी आम्ही धर्मग्रामात जे केले, ते मोठे नव्हते आणि सारे सुरळीतही झाले नाही. पहिल्या रविवारी धर्मशिक्षण वर्गातील मुलांना नाचणी वाटली आणि घरोघरी पेरायला सांगितली. काहींची उगवली, काहींची कोंबड्यांनी खाल्ली. गोठा बांबू, पेंढा आणि झावळ्यांचा झाला. स्पर्धेत तो कुठेच आला नाही आणि तरुण मंडळातील काहीजण महिनाभर आमच्यावर रुसले. लहान ख्रिस्ती समूहांनी घरोघरची जुनी सजावट बाहेर काढून आपसांत वाटून घेतली, तेव्हा ध्यानात आले, की नवीन घेण्याची फारशी गरजच नव्हती. नाताळच्या स्नेहभोजनाला स्टीलची ताटे भाड्याने आणली. “भांडी कोण घासणार?” असा प्रश्न महिला मंडळाने विचारला आणि तो रास्त होता. पुरुषांच्या सोयीसाठी काढलेल्या प्रत्येक सुधारणेचे ओझे शेवटी बायकांच्या माथी येते, असा त्यांचा अनुभव होता. त्या रात्री ताटे गायकवृंदातील पुरुषांनी घासली. सूर जरा चुकले, ताटे मात्र स्वच्छ झाली.

२० डिसेंबरला आम्ही त्या बावखलाच्या काठी जमलो. मागच्या वर्षीचे थर्माकोलचे तुकडे अजून जसेच्या तसे तिथे होते. एका पावसाळ्याने त्यांना फक्त मळकट केले होते. ते आम्ही हातांनी वेचले. पालिकेच्या सफाई कामगार भगिनींना आम्ही पाहुण्या म्हणून बोलावले होते, परंतु त्यांनीच आम्हांला ओला आणि सुका कचरा वेगळा कसा काढायचा, हे दाखवले. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी आपली पंचायत स्थापन केली आणि आपले काम हे समाजाला आवश्यक असलेले श्रम आहेत, हे सिद्ध करून दाखवले. त्या इतिहासाचा अर्थ आम्हांला त्या सकाळी बावखलाच्या काठी उमगला. ते वृद्ध शेतकरीही काठी टेकत आले होते. बोलले काहीच नाहीत. वाकता येत नव्हते, म्हणून गोणीचे तोंड धरून उभे राहिले.

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर गोठा मोडला. पेंढा एका शेजाऱ्याच्या गाईला गेला, बांबू भोपळ्याच्या मांडवाला लागले, मुलांनी उगवलेल्या नाचणीचे तृण मातीत परतले. सायंकाळी आम्ही रिकाम्या जागेकडे पाहिले, तेव्हा तिथे झाडायलाही काही उरले नव्हते. ग्रेच्चोच्या त्या रात्रीला २०२३ साली आठशे वर्षे पूर्ण झाली. आठशे वर्षांपूर्वी गव्हाणीतले गवत जिथे गेले होते, तिथेच आमचेही गेले, याचे समाधान कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोठे होते.

हरित वसईच्या लढ्यात आपल्या वडीलधाऱ्यांनी बाहेरून आलेल्या लोभाला तोंड दिले. त्या लढ्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु वारसा हा केवळ जयंत्या-पुण्यतिथ्यांना मिरवण्यासाठी नसतो. बिल्डरविरुद्ध मोर्चा काढणे त्या काळी धैर्याचे होते. आज स्वतःच्या हौसेविरुद्ध उभे राहणे कदाचित त्याहून अवघड आहे, कारण समोर शत्रू दिसत नाही, आपलेच सुहास्य मुख दिसते. त्या वृद्धाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आता सुचते. मोर्चा कोणाच्या नावाने काढायचा? आपल्याच नावाने. तो आपल्या अंगणातून निघावा आणि आपल्याच उकिरडा वेशीपर्यंत जावा. हातात फलक नको, झाडू असावा.

येत्या आगमनकाळी प्रत्येक घरात मूठभर नाचणी पेरली जावो. ती उगवेपर्यंतच्या चार आठवड्यांत आपले घर, आपली वाडी आणि आपले बावखल स्वच्छ होवो. मग त्या कोवळ्या तृणावर बाळ येशूला ठेवताना आपल्याला निःशंक मनाने म्हणता येईल, की प्रभो, वाट झाडून ठेवली आहे.